सी मधून ऑब्जेक्ट ओरिएंटेडकडे: दूध संकलनाच्या प्रोग्रॅमची मांडणी कशी बदलायची?

करवीर_कोडर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा संकलनाचा प्रोग्रॅम सी मध्ये आहे. ३,४०० ओळी, एकच फाईल, ग्लोबल व्हेरिएबल चाळीसच्या घरात. सकाळ-संध्याकाळ काट्यावरून लिटर येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, दरपत्रकातून दर निघतो, दहा दिवसांनी बिल होतं आणि पशुखाद्याची उधारी त्यातून वळती होते.

हे सी++ मध्ये नीट मांडायचंय. क्लास, इनहेरिटन्स, व्हर्च्युअल सगळं वाचून झालंय, सिंटॅक्स अडत नाही. पण लिहायला बसलं की 'दूधव्यवस्थापक' नावाचा एक क्लास होतो, त्यात साठ फंक्शनं, आणि बाकीचे क्लास म्हणजे नुसते गेट-सेट (किंमत बाहेर देणारी आणि आत ठेवणारी फंक्शनं). गाय का म्हैस हे बघून वाट निवडणारा स्विच जुन्यात अकरा ठिकाणी होता, नव्यातही अकराच ठिकाणी आहे. पुढच्या महिन्यापासून गायीचा दर फॅट आणि एसएनएफ दोन्हींवर होणार, म्हशीचा फॅटवरच राहणार. सुरुवात कुठनं करू?

पंचगंगाकाठ

तुझं दुखणं सिंटॅक्सचं नाही, त्यामुळं सिंटॅक्सवर आणखी वाचून ते जाणार नाही. प्रोसिजरल लिहिताना आपण मनात विचारतो, "आता पुढं काय करायचं?" वाचा, मोजा, गुणा, छापा. त्याच क्रमानं फंक्शनं पडतात आणि प्रत्येक फंक्शनला सगळा डेटा लागतो. आता प्रश्नच बदल: "हा निर्णय कुणाच्या ताब्यात?"

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली हेच मांडलं. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे पाडू नका. जे निर्णय पुढं बदलण्याची शक्यता आहे त्यातला एकेक निर्णय एकेका तुकड्यात झाकून ठेवा. त्या मांडणीचा क्लासशी काही संबंध नव्हता, म्हणूनच ती प्रोसिजरल माणसाला लवकर पटते.

तर आधी संगणक बंद ठेव आणि कागदावर लिही, संस्था काय काय बदलू शकते. दरपत्रक बदलतं. दर कशावर काढायचा ते बदलतं (तुझं पुढच्या महिन्याचं). एसएनएफ लॅक्टोमीटरवरून (दुधाची घनता दाखवणाऱ्या नळीवरून) काढत असाल तर सूत्र बदलतं: रीडिंगचा पाव भाग, अधिक फॅटचा पाव भाग, अधिक ०.४४ हे एक चालू सूत्र, पण स्थिरांक सगळीकडे एकच नसतात. बिलाचा काळ बदलू शकतो. उधारी किती कापायची, पैसे कुठल्या पायरीला राउंड करायचे, काटा कुठल्या कंपनीचा. ही झाली सात वाक्यं आणि तेच तुझे पहिले सात क्लास. 'सभासद', 'दूध', 'डेअरी' अशी नामं शोधत बसलास तर गेट-सेटचीच पोती भरतील, कारण त्या नामांच्या ताब्यात अजून कुठलाच निर्णय दिलेला नसतो.

शिरोली_एमआयडीसी

पंचगंगाकाठ सरांच्या मुद्द्याला जोडून. सी वाल्यानं ऑब्जेक्ट नवीन आहे असं मानूच नये, तो रोज वापरतोय. फाईल उघडली की एक पॉइंटर मिळतो. तो वाचायच्या फंक्शनला देतोस, बंद करायच्या फंक्शनला देतोस. त्याच्या पोटात बफर कुठं आहे हे आजवर कधी उघडून बघितलंस का? नाही. तोच ऑब्जेक्ट. पहिलं आर्ग्युमेंट स्ट्रक्चरचा पॉइंटर असणारी चार फंक्शनं एकत्र आणली आणि आतल्या फील्डला बाहेरून हात लावायचा नाही असं ठरवलं की क्लास झाला. सी++ तोच पॉइंटर 'धिस' या नावानं गुपचूप पाठवतं.

सॉर्टच्या तयार फंक्शनला तू तुलना करणारं फंक्शन पॉइंटरनं देतोस ना? सॉर्टला माहीत नसतं आपण आकडे लावतोय का नावं. व्हर्च्युअल म्हणजे तेच, नीट बांधलेलं: क्लासमागं फंक्शन पॉइंटरचा एक तक्ता, आणि प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये त्या तक्त्याकडं बोट दाखवणारा एक पॉइंटर. हे एकदा डोक्यात बसलं की व्हर्च्युअलची जादूही राहत नाही आणि भीतीही.

गूळसौदा

मला वाटतं गाय-म्हैस स्विच घालवायला सरळ 'दूध' हा बेस क्लास, त्यातून 'गायदूध' आणि 'म्हैसदूध' काढावेत. प्रत्येकात आपापलं दर काढायचं फंक्शन. स्विच आपोआप जातो.

चाफ्याची_फांदी

गूळसौदा, इथं मी ठाम विरोध करीन. गाय आणि म्हैस यांच्या दुधात प्रोग्रॅमच्या दृष्टीनं फरक कसला? दरपत्रकातल्या आकड्यांचा. आकडे वेगळे म्हणून क्लास वेगळा करायचा नसतो, वागणूक वेगळी असेल तरच करायचा. वागणुकीतला खरा फरक दोन दर-पद्धतींमध्ये आहे, एक फॅटवर चालते आणि दुसरी फॅट-एसएनएफ दोन्हींवर. उद्या संस्थेनं म्हशीलाही एसएनएफ लावलं तर 'म्हैसदूध' मध्ये 'गायदूध' मधला कोड चिकटवावा लागेल. दूध तेच, नियम बदलला, आणि फोडावा लागला दुधाचा क्लास. म्हणजे निर्णय चुकीच्या ताब्यात होता.

अशी मांडणी कर (इंटरफेस म्हणजे काय विचारता येईल एवढंच सांगणारा क्लास, उत्तर कसं काढायचं ते पोटचे क्लास ठरवतात):

    दरनियम (इंटरफेस)
        दर_सांग(मोजमाप) → पैसे

    फॅटदर : दरनियम
        आत: फॅट → दर असा तक्ता

    फॅटएसएनएफदर : दरनियम
        आत: (फॅट, एसएनएफ) → दर असा तक्ता

संकलनाला फक्त 'दरनियम' दिसतो. गाय का म्हैस हे एकाच जागी बघायचं, ऑपरेटरनं 'ग' किंवा 'म' दाबल्यावर कुठला दरनियम द्यायचा ते ठरवताना. स्विच पूर्ण नाहीसा होत नाही, अकराचा एक होतो आणि तो कडेला जातो. अकराही जागा पुसायचा हट्ट धरला तर त्या एका स्विचसाठी तीन क्लास जन्माला येतात आणि वाचणाऱ्याला काही सापडत नाही.

इनहेरिटन्सची दुसरी अडचण. बेस क्लासनं दिलेला शब्द पोटच्या क्लासनं पाळलाच पाहिजे. दर_सांग नं "योग्य मोजमाप दिलं तर दर मिळेल" असं म्हटलंय. आता कुणी 'मिश्रदूधदर' काढला आणि एसएनएफ नसेल तर तो एरर फेकू लागला, तर वापरणाऱ्या प्रत्येक जागी पुन्हा "हा मिश्र आहे का?" असं विचारावं लागतं. गेलेला स्विच मागच्या दारानं परत आला.

करवीर_कोडर

चाफाताई, हे पटलं. पण मग गेट-सेटचं काय? उधारीच्या कपातीत माझं असं झालंय:

    बाकी = खातं.उधारी_मिळव()
    जर बाकी > बिल / २ तर कपात = बिल / २
    नाहीतर कपात = बाकी
    खातं.उधारी_ठेव(बाकी - कपात)

यात चूक काय ते कळत नाही, चालतंय तर.

पंचगंगाकाठ

चालतंय, आणि म्हणूनच सापडत नाही. "निम्म्यापेक्षा जास्त कापायचं नाही" हा संस्थेचा नियम खात्याच्या बाहेर पडलाय. तुझ्या जुन्या फाईलमध्ये शोध: दहा दिवसांचं बिल, सभासद सोडून गेल्यावरचं शेवटचं बिल, आणि पावती परत छापताना, असं किमान तीन ठिकाणी हे लिहिलेलं असणार. समितीनं निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा ठरवला की दोन जागा बदलतील, तिसरी राहील. ती राहिलेली जागा एखाद्या सभासदाच्या हातातल्या बिलावर दिसेल.

असं कर:

    कपात = खातं.बिलातून_वळते_कर(बिल)

चार ओळी जशाच्या तशा खात्याच्या आत. मग 'उधारी_ठेव' ची गरज कुणालाच राहत नाही, तो काढूनच टाक. काढल्यावर कंपायलर जिथं जिथं ओरडेल ती प्रत्येक जागा म्हणजे नियमाची एक सांडलेली प्रत. ही यादी फुकट मिळते, वाया घालवू नकोस.

दाखवण्यापुरतं 'उधारी_मिळव' राहिलं तरी हरकत नाही. किंमत बाहेर काढून त्यावर निर्णय घेणं आणि निकाल परत आत ठेवणं, हे त्रिकूट दिसलं की समजायचं कोड चुकीच्या घरात राहतोय.

रंकाळा_संध्याकाळ

दर काढायची ओळ एकदा इथं टाक बघू, करवीर. दरपत्रकाचा तक्ता ३.० फॅटपासून सुरू होतो ना?

करवीर_कोडर

हो, गायीचा ३.० पासून, ०.१ च्या टप्प्यानं. फॅट डबलमध्ये (दशांश संख्या बायनरीत साठवणाऱ्या प्रकारात) आहे.

    जागा = पूर्णांक((फॅट - ३.०) / ०.१)
    दर = तक्ता[जागा]

रंकाळा_संध्याकाळ

याच ओळीची शंका होती. ३.३ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही, डबलमध्ये तो ३.३ पेक्षा किंचित कमी साठतो. त्यातून ३ वजा केले की ०.२९९९९९…, त्याला ०.१ नं भागलं की २.९९९९९…, आणि पूर्णांक करताना पुढचं कापलं जातं, राहतात २. म्हणजे ३.३ फॅटच्या दुधाला ३.२ चा दर लागतोय.

३.० ते ३.९ हाताने तपासून बघ: ३.१, ३.२, ३.५, ३.६, ३.७ बरोबर येतात. ३.३, ३.४, ३.८ आणि ३.९ एक घर खाली घसरतात. ३.५ नेहमी बरोबर येतो म्हणून नमुना तपासणीत हे कधी दिसत नाही, सगळे ३.५ टाकूनच बघतात. दूध घालणाऱ्या बाईच्या हिशोबात रोज काही पैसे कमी पडतायत आणि ते कुणाच्याच डोळ्याला दिसत नाहीत. हे मला फार लागतं.

मांडणीशी याचा संबंध असा. 'फॅट' म्हणजे कुठलाही डबल नव्हे. छोटासा क्लास कर, आत पूर्णांक ठेव, दशांशाच्या पटीत: ३.३ म्हणजे ३३. मशीनकडून येणारा मजकूर वाचतानाच ३३ कर, मध्ये डबल येऊच देऊ नकोस. तक्त्यातली जागा मग ३३ वजा ३०, सरळ ३. हीच गोष्ट पैशाची, आत फक्त पैसे, रुपये नाहीत. आणि लिटरचीही, मिलिलिटरमध्ये.

याचा जोडफायदा: फॅट आणि एसएनएफ दोन्ही डबल असताना फंक्शनला उलटे दिले तरी कंपायलर गप्प बसतो. वेगवेगळे क्लास असले की लगेच अडवतो. पुढच्या महिन्यात तुझ्याकडं दोन्ही एकत्र येणार आहेत, तेव्हा हे आत्ताच कर.

शिरोली_एमआयडीसी

राउंडिंगचंही याच्याच शेजारी ठरवून टाक. समजा ७.३ लिटर, दर ५२.३५ रुपये. गुणाकार ३८२.१५५. प्रत्येक नोंदीला राउंड केलं तर ३८२.१६, दहा दिवसांत वीस नोंदी झाल्या तर ७,६४३.२०. शेवटी एकदाच राउंड केलं तर ७,६४३.१०. दोन्ही रीती समर्थनीय आहेत, पण पावती एका रीतीनं आणि बिल दुसऱ्या रीतीनं निघालं तर पावत्यांची बेरीज बिलाशी जुळत नाही आणि सभासद काउंटरवर येतो. राउंड करायचा अधिकार एकाच फंक्शनला दे, बाकी कुठंही राउंड दिसता कामा नये.

चाफ्याची_फांदी

क्लास कुठले हे ठरवायला कार्डांची रीत वापर. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ साली ही शिकवायला म्हणूनच मांडली होती. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वर क्लासचं नाव, डावीकडं त्याची जबाबदारी, उजवीकडं ती पार पाडायला ज्यांची मदत लागते त्यांची नावं. कार्ड मुद्दाम लहान. जबाबदाऱ्या मावेनात तर क्लास मोठा झालाय. तुझा 'दूधव्यवस्थापक' पहिल्याच कार्डावर मरेल.

चार जण टेबलाला बसा, प्रत्येकाच्या हातात कार्ड, आणि एक खरी नोंद चालवा: सकाळ, सभासद २१७, म्हैस, ७.२ लिटर, फॅट ६.८. 'संकलन' हातात घेतलेला म्हणतो, "काट्या, वजन सांग." काटा सांगतो. मग तो दरनियमाला मोजमाप देतो, दर घेतो. "नोंदवही, हे लिहून ठेव." इथं कुणी म्हणालं, "मला तुझा सगळा तक्ता दे, मी बघतो," की थांबायचं. दुसऱ्याच्या पोटात हात घातला गेला. मग अडचणीच्या नोंदी चालवा: फॅट तक्त्याबाहेर गेलं, वीज जाऊन मशीन बंद, चुकीचा सभासद नंबर पडला आणि नोंद रद्द करायचीय. साधी नोंद सगळ्याच मांडण्यांत छान चालते, खरी परीक्षा रद्द करण्यात आहे.

गूळसौदा

इनहेरिटन्सचा मुद्दा मान्य, चाफाताई. आता माझा प्रश्न. गुळाच्या पट्टीत (विक्रीच्या हिशोबाच्या कागदात) कपाती असतात: काही रव्याच्या (गुळाच्या ढेपेच्या) नगावर, काही क्विंटलवर, काही एकूण रकमेवर टक्क्यानं. इथं तरी वेगळे क्लास बरोबर ना?

चाफ्याची_फांदी

इथं अगदी बरोबर. नग, वजन, रक्कम ही हिशोब करायची तीन वेगळी वागणूक आहे. 'कपात' असा इंटरफेस, त्यात एकच फंक्शन: किती(व्यवहार). त्याचे तीन क्लास: नगाची, वजनाची, टक्क्याची. हमाली आणि तोलाई मात्र वेगळे क्लास नव्हेत; 'हमाली' हे नाव आणि दर घातलेला नगाच्या क्लासचा एक ऑब्जेक्ट. पट्टीकडं कपातींची यादी असते, ती फक्त फिरते आणि बेरीज करते. नवी कपात आली तर यादीत एक ओळ.

एक सांभाळा: टक्क्याची कपात मूळ रकमेवर का आधीच्या कपाती जाऊन उरलेल्या रकमेवर? यादीचा क्रम बदलला की उत्तर बदलणार असेल तर तो नियम नावानिशी लिहा, क्रमावर सोडू नका.

सी++ मध्ये ही यादी कपातींचा साधा व्हेक्टर (ऑब्जेक्ट स्वतःच आत ठेवणारी यादी) केलात तर दोन अडचणी येतील. इंटरफेस पूर्ण अमूर्त असेल तर कंपाईलच होणार नाही, हे बरं. पण बेस क्लासला स्वतःचा कोड असेल तर प्रत्येक ऑब्जेक्टचा बेसपुरता भाग कापून ठेवला जातो, टक्का गायब, आणि प्रोग्रॅम बिनतक्रार चुकीचा आकडा देतो. व्हेक्टरमध्ये ऑब्जेक्टऐवजी त्याच्याकडं बोट दाखवणारा युनिक पॉइंटर ठेवा. आणि बेसचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट पुसताना चालणारं फंक्शन) व्हर्च्युअल करा, नाहीतर बेसच्या पॉइंटरवरून ऑब्जेक्ट पुसताना काय होईल याची भाषा हमी देत नाही.

पंचगंगाकाठ

सगळंच क्लासमध्ये घालायचं नाही, हेही सांगतो. नवे प्रकार येत राहणार असतील, जसे कपातीचे किंवा दराचे, तर इंटरफेस सोयीचा. नवा क्लास लिहिला, जुन्याला हात नाही. पण प्रकार ठरलेले आणि त्यांच्यावरची कामं वाढत जाणार असतील, तर साधी फंक्शनंच बरी. तुझे रिपोर्ट तसे आहेत: दैनिक गोषवारा, सभासदवार, गाव-वाडीवार. नोंद बदलत नाही, बघायच्या तऱ्हा वाढतात. प्रत्येक रिपोर्टसाठी नोंदीच्या क्लासमध्ये एक फंक्शन घातलंस तर साठ फंक्शनांचा ढीग पुन्हा उभा राहील. रिपोर्ट बाहेर ठेव, नोंदी वाचणारी फंक्शनं म्हणून.

बिलाच्या काळाचा क्लास मात्र नक्की कर. १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. शेवटचा काळ फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवसांचा, ३१ च्या महिन्यात ११ दिवसांचा. "सुरुवातीत दहा मिळवा" असं कुठंतरी लिहिलेलं असेल तर ३१ तारखेचं दूध पुढच्या बिलात जातं. 'काळ' ला तीनच प्रश्न विचारता यावेत: ही तारीख तुझ्यात आहे का, तुझा शेवट कधी, पुढचा काळ कुठला.

करवीर_कोडर

सगळं एकदम पाडून नव्यानं लिहू का? आणि काटा सिरियल पोर्टवर आहे, घरी बसून तपासायचं कसं?

रंकाळा_संध्याकाळ

पाडू नकोस, भावा. संस्था रोज दोनदा चालते.

आधी जुन्या प्रोग्रॅमकडून मागच्या तीन काळांची सगळी बिलं मजकूर फाईलमध्ये काढून ठेव. तीच कसोटी. मग ग्लोबल एकेक करून स्ट्रक्चरमध्ये घाल आणि फंक्शनांना आर्ग्युमेंट म्हणून दे. हे कंटाळवाणं काम आहे, पण कोण कुणाचा डेटा वापरतंय हे याशिवाय कळत नाही. जी फंक्शनं एकाच स्ट्रक्चरला चिकटून राहतात ती त्याचा क्लास. मग दरनियम वेगळा काढ, मग खातं, मग काळ. प्रत्येक बदलानंतर तीन काळ परत चालव आणि दोन फाईली ओळीओळीनं ताडून बघ. एका वेळी एकच क्लास, म्हणजे फरक आला तर कुठून आला ते लगेच सापडतं.

काट्यासाठी 'काटा' इंटरफेस, त्यात वजन_दे. खरा काटा पोर्ट वाचतो, तपासणीचा काटा तू दिलेले आकडे ओळीनं परत देतो. 'संकलन' नं काटा स्वतः तयार करायचा नाही, कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमधून) बाहेरून घ्यायचा. तारखेचंही तसंच, आजची तारीख आतून विचारलीस तर २९ फेब्रुवारी तपासायला चार वर्षं थांबावं लागेल.

करवीर_कोडर

एक पेच आहे. फॅटचा क्लास केला तर ३.३ आणि ३.८ वाल्यांची बिलं वाढणार, म्हणजे जुन्या फाईलशी जुळणारच नाहीत. मग कसोटी कशी धरायची?

रंकाळा_संध्याकाळ

मांडणी बदलणं आणि चूक सुधारणं ही दोन कामं एका दिवशी करायची नाहीत. दरनियमाचे दोन क्लास कर. 'जुनाफॅटदर' च्या आत ती चुकीची ओळ जशीच्या तशी, डबलसकट. 'फॅटदर' मध्ये पूर्णांकवाली. सगळी मांडणी जुन्यावर पूर्ण कर, तीनही काळ पैशापर्यंत जुळू देत.

त्यानंतर तेच तीन काळ नव्या दरनियमावर चालव. आता जो फरक येईल तो फक्त या चुकीचा, सभासदवार, नोंदवार. ती यादी छापून सचिवांना दे. मागचं देणं कधीपासून द्यायचं ते समिती ठरवेल, प्रोग्रॅमनं ठरवायचं नाही. नवा दरनियम लागू करायची तारीख दरपत्रकाबरोबरच साठव, आणि ती काळाच्या पहिल्या दिवसाचीच घे, १, ११ किंवा २१. मधल्या तारखेला बदललास तर एकाच बिलात दोन रीती येतात आणि ३.३ फॅटच्या दोन नोंदींना दोन दर दिसतात.